टाके, टाकी आणि टँक: एका छोट्या इंग्रजी शब्दाची हकिगत

विचारणा अशी आहे: "'टँक' हा इंग्रजी शब्द मराठी 'टाके'वरून गेला, असा मजकूर फिरतो आहे. तो खरा मानायचा का? खरा असेल तर पाण्याच्या टाक्याचे नाव रणगाड्याला कसे मिळाले? आणि इंग्रजीत टँक दिसला की मराठीत सरसकट टाकी लिहिले तर चालते का?"

मी तीस वर्षे इंग्रजी-मराठी भाषांतराचे काम करते आहे. त्यातला मोठा वाटा पाटबंधाऱ्यांच्या अहवालांचा आणि जुन्या जमिनींच्या कागदपत्रांचा. त्यामुळे हा शब्द माझ्या टेबलावर जितक्या वेळा आला असेल तितके फार थोडे शब्द आले असतील. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निष्कर्ष आधी सांगते. 'टँक'च्या घडणीत आपल्याकडच्या शब्दाचा हात आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 'मराठीतून गेला' हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. इंग्रजांच्या कानावर तो शब्द आधी पडला तो सुरतेकडे, म्हणजे गुजरातीतून. आणि त्याच किनाऱ्यावर त्यांच्या आधी शंभर वर्षे पोचलेल्या पोर्तुगीजांकडे त्याच अर्थाचा, जवळजवळ तसाच ऐकू येणारा स्वतःचा शब्द होता. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जो कोश काढला, 'हॉब्सन-जॉब्सन', त्यातही या शब्दाचे मूळ दुहेरी दिसते, एक भारतीय आणि एक युरोपीय, असेच म्हटले आहे. एवढ्या वर्षांनंतर मला ते मत बदलावेसे वाटत नाही.

पोर्तुगीज बाजू आधी घेऊ, कारण फिरणाऱ्या मजकुरात ती नेमकी गाळलेली असते. वास्को द गामा मे १४९८मध्ये कालिकतला उतरला. त्याच्या बरोबरच्या एका माणसाने लिहिलेली प्रवासाची वही आज उपलब्ध आहे. वाटेत त्यांना एक देऊळ दाखवले गेले आणि ते ख्रिस्ती चर्चच आहे अशी त्यांची समजूत झाली. त्या 'चर्च'च्या बाहेर घडीव दगडांचा मोठा 'तांक' आहे, वाटेत असे आणखी पुष्कळ पाहिले, असे तो लिहितो. लिहिणारा भारतात येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. शिवाय केरळात देवळाच्या तळ्याला कुळम् म्हणतात, टांके नव्हे. म्हणजे हा शब्द त्याने इथे उचललेला नाही, तो लिस्बनहून सोबत आणलेला आहे. पोर्तुगीजमध्ये पाणी अडवणे, थोपवणे या अर्थाचे 'इश्तांकार' असे क्रियापद आहे. स्पॅनिशमध्ये तळ्याला 'एस्तांके' म्हणतात. वाहते रक्त थांबवण्याला इंग्रजीत 'स्टाँच' म्हणतात, तोही याच कुळातला.

आता आपली बाजू. ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेची वखार १६१३ची. सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारात इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून १६१५ ते १६१९ या काळात होता. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी. या देशात नद्यांखेरीज पुष्कळ तळी आहेत आणि 'हे लोक त्यांना टँक म्हणतात', अशा अर्थाचे टेरीचे वाक्य आहे. इथे मला 'हे लोक म्हणतात' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे वाटतात. टेरीच्या दृष्टीने तो शब्द पोर्तुगीजांचा नव्हता, इथल्या माणसांचा होता.

दुसरा साक्षीदार जवळपास दोनशे वर्षांनंतरचा. रॉबर्ट ड्रमंड याने १८०८ साली मुंबईत गुजराती, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांच्या व्याकरणावर पुस्तक छापले. त्यात 'टांका' आणि 'टांकू' यांचे वर्णन आहे. दगड, वीट किंवा चुन्याने बांधलेला, बहुधा घराच्या आतच असलेला पाण्याचा साठा. वरून जवळजवळ पूर्ण झाकलेला, घागर किंवा बादली खाली सोडता येईल एवढेच तोंड. अहमदाबादच्या पोळांमधली, म्हणजे जुन्या शहरातल्या बंदिस्त गल्ल्यांमधली, जुनी घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांना हे वर्णन लगेच ओळखू येईल. चौकाखाली टांकू, त्यावर झाकण, आणि पावसाळ्यात छपराचे पाणी नळीने थेट आत.

तिसरा साक्षीदार मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कर्नल जेम्स टॉडने राजस्थानाबद्दल लिहिताना बिकानेरच्या घरोघरच्या 'टांक्यां'चा उल्लेख केला आहे. पावसाच्या पाण्याने भरणारे हे हौद. बिकानेर समुद्रापासून किती दूर! तिथल्या वाळवंटात राहणाऱ्या माणसाने आपल्या पाण्याच्या साठ्याला पोर्तुगीज खलाशाकडून नाव घेतले असेल, हे मानायला मन धजत नाही. गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र अशा सलग पट्ट्यात, आणि तेही पाणी टंचाईने मिळणाऱ्या मुलखात, एकच शब्द घराघरांत रुजलेला असेल तर तो या मातीतला आहे असे धरणेच सयुक्तिक.

उच्चाराचाही एक पुरावा आहे. पोर्तुगीज 'त' दंत्य आहे, आपल्या 'त'सारखा. पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांत तो बहुतेक वेळा 'त'च राहिला आहे. फीत, इस्त्री, मेस्त्री, तंबाखू, पिस्तूल ही उदाहरणे सर्वांच्या ओळखीची आहेत. त्या वाटेने शब्द आला असता तर 'तांके' व्हायला हवे होते. आपल्याकडे ते 'टाके' आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात अनुस्वारासह 'टांकें'. याला एक ठळक अपवाद आहे, बटाटा, आणि तो लपवून युक्तिवाद करणे बरोबर नाही. एकट्या उच्चारावर मी निकाल दिला नसता. पण बिकानेर आणि सुरत यांच्या जोडीला ठेवला तर त्याला वजन येते.

मग इतके सारखे दोन शब्द, एकमेकांशी नाते नसताना, एकाच अर्थाचे कसे? असा प्रश्न पडतोच. योगायोग म्हटले की लोकांना पळवाट वाटते. पण भाषांमध्ये असे घडते. फारसीतला 'बद', जो आपण बदनाम, बदसूर या शब्दांत रोज वापरतो, आणि इंग्रजीतला 'बॅड', दोघांचा अर्थ वाईट, उच्चार जवळजवळ एक, आणि नाते काहीही नाही. व्युत्पत्तीच्या कामात सारखेपणा हा शोधाचा आरंभ असतो. शब्द कोणी, कुठे, कोणत्या साली, कोणाच्या तोंडून ऐकला, ही साखळी जुळल्यावरच पुढे जाता येते. इथे साखळी दोन्हीकडून जुळते. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातला इंग्रज व्यापारी पोर्तुगीज दुभाष्याकडून 'तांक' ऐकत होता आणि गुजराती वाण्याकडून 'टांकू'. दोघेही एकाच पाण्याकडे बोट दाखवत होते. त्याच्या तोंडी मग 'टँक' रुळला यात नवल नाही.

आपल्या टाक्याच्याही मागे जाऊ, कारण मला स्वतःला या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत जवळचा आहे.

सह्याद्रीतल्या कुठल्याही जुन्या गडावर जा, राबता होता तिथे टाकी आहेत. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पुष्कळांनी पाहिली असतील. कातळात सरळ खाली खोदलेले ते साधे टाके. कडा आडवा कोरत आत नेला आणि वरचे छत पेलायला मध्ये दगडाचेच खांब राखले तर ते खांबटाके. आत ऊन पोचत नाही, म्हणून पाणी आटत नाही आणि एप्रिलमध्येही हाताला गार लागते. जुन्नरकडच्या एका गडावर उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असताना मी अशा टाक्याच्या तोंडाशी बसले होते. पाण्याच्या वरच्या रेषेपाशी भिंतीवर तिरप्या, एकमेकींना लागून गेलेल्या ओळी होत्या, बोटभर लांबीच्या. प्रत्येक ओळ म्हणजे छिन्नीचा एक घाव. त्या छिन्नीला मराठीत म्हणतात टाकी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, त्या म्हणीतली टाकी. टाकीने खोदलेले ते टाके, हे तिथे बोटांना कळते.

संस्कृतात 'टंक' म्हणजे दगड फोडायची छिन्नी. त्या एका शब्दाभोवती मराठीत केवढा गोतावळा आहे बघा. छाप मारलेले नाणेही टंक, म्हणून नाणी पाडायची ती टांकसाळ आणि म्हणून टका. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली कुलदैवताची प्रतिमा म्हणजे टाक. टंकलेखन हा तर विसाव्या शतकात मुद्दाम घडवलेला शब्द, पण घडवणाऱ्याने ठसा उठवण्याची जुनी कल्पना नेमकी पकडली आहे. माझ्या आजोळी जात्याची पाळी गुळगुळीत झाली की टाकी लावायला बाई यायची. ती जाते उलटे करून मांडीपाशी घ्यायची आणि हातोडी-टाकीने कडेपासून मध्यापर्यंत बारीक टोचे मारत जायची. टक्, टक्, टक्. दुपारभर ओसरीवर तोच आवाज. टकारी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय. पुढे दोन दिवस पिठात कच येते म्हणून आजी पहिले दळण गुरांना घालायची.

टाके आणि टाकी यांचे हे नाते व्युत्पत्तीच्या सगळ्या जाणकारांना मान्य आहे असे मात्र नाही. इंग्रजी कोशांत बहुधा संस्कृत 'तडाग' या शब्दाकडे बोट दाखवलेले असते. तडाग म्हणजे तळे. मला ते पटत नाही. तडागाच्या घराण्यात आपल्याकडे तळे आणि तलाव आहेत, आणि त्या दोन्हींत 'ड'चा 'ळ' किंवा 'ल' झालेला दिसतो. त्याच शब्दातून 'टांके' काढायचे तर 'त'चा 'ट' कसा झाला, अनुस्वार कुठून आला, 'क' कुठून आला, सगळेच समजावून द्यावे लागते. टंकापासून टांके मात्र मराठीच्या नेहमीच्या वळणाने येते, जसे अंकाचे आंक आणि पंकाचे पांक. उलट बाजूने एक अडचण मांडायला हवी. बिकानेरचा टांका वाळूत खणून चुन्याने लिंपतात, त्याला छिन्नी लागत नाही. म्हणून टंक ही बाजू मी माझा कल म्हणून सांगते.

आणि हे टाक्यांचे नाव तरी फार जुने आहे का? कान्हेरी, जुन्नर, कुडा इथल्या लेण्यांत सातवाहनांच्या काळापासूनचे ब्राह्मी लेख आहेत. अमक्याने टाके खोदवून दान दिले, असे सांगणारे लेख त्यात पुष्कळ. पण त्यांत टंक किंवा टांक असा शब्द नाही. तिथे आहे 'पोढी', 'पानियपोढी'. पानिय म्हणजे पाणी. कान्हेरीला जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक पोढी आहे, आजही पावसाळ्यात भरते, आणि आपण तिला टाके म्हणतो. वस्तू तीच, जागा तीच, नाव पार बदलले. दोन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्या मजकुरांना माझे एवढेच उत्तर आहे की टाक्याची परंपरा तेवढी जुनी आहे, 'टाके' या नावाची नाही.

इंग्रजीत गेल्यावर शब्दाचे काय झाले? भारतात राहणाऱ्या इंग्रजांनी त्याचा अर्थ तसाच ठेवला. टँक म्हणजे तळे, तलाव, बांधीव कुंड. मुंबई तर अशा नावांनी भरलेली आहे. बाणगंगा टँक, सी. पी. टँक, आणि जे. जे. रुग्णालयाच्या बाजूचे दो टाकी. गोवालिया टँक म्हणजे गवळ्यांचे तळे, तिथे गुरे धुवायला आणत. तळे बुजवून मैदान झाले, त्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा पुकार झाला, आणि आज त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. कलकत्त्यात लालदिघीच्या चौकाला इंग्रज टँक स्क्वेअर म्हणत. श्रीलंकेतल्या प्रचंड जुन्या तलावांनाही इंग्रजीत टँकच म्हणतात. मजा वाटावी असा एक पुरावा अमेरिकेतला आहे. टेक्सासमध्ये गुरांना पाणी पाजायच्या तळ्याला आजही टँक म्हणतात. तिथे हा शब्द स्पॅनिश वाटेने गेला. म्हणजे एकाच अर्थाने शब्द पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वाटांनी पोचला.

इंग्लंडात मात्र अर्थ सरकला. तिथे पावसाला तोटा नाही, पाणी साठवायला तळी बांधण्याची गरज नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस टँक म्हणजे द्रव साठवायचे मोठे भांडे असा अर्थ दिसू लागतो. त्याला खरी बळकटी आणली लोखंडाने. जहाजावर पिण्याचे पाणी लाकडी पिंपांत भरत, ते कुजे, किडे होत. १८०८ साली रिचर्ड ट्रेव्हिथिक आणि रॉबर्ट डिकिन्सन यांनी जहाजावरच्या लोखंडी टाक्यांचे पेटंट घेतले. ट्रेव्हिथिक म्हणजे वाफेचे इंजिन रुळांवर चालवून दाखवणारा तोच. पुढे जे रेल्वे इंजिन आपले पाणी वेगळ्या डब्यात न ओढता स्वतःच्या अंगावरच्या टाक्यांत बाळगी, त्याला टँक इंजिन म्हणू लागले. जमिनीत खोदलेले टाके अशा रीतीने जमिनीतून सुटले आणि चाकांवर चढले.

आता रणगाडा. १९१५ साली फ्रान्समध्ये दोन्ही सैन्ये खंदकांत अडकून पडली होती. काटेरी तारा तुडवत आणि खंदक ओलांडत जाईल असे चिलखती वाहन हवे होते. ब्रिटनमध्ये हे काम लष्कराऐवजी आरमाराने अंगावर घेतले. विन्स्टन चर्चिल तेव्हा आरमारमंत्री होते, त्यांनी फेब्रुवारी १९१५मध्ये समिती नेमली, तिचे नाव लँडशिप्स कमिटी, म्हणजे जमिनीवरच्या जहाजांची समिती. म्हणूनच आजही रणगाड्याच्या सांगाड्याला इंग्रजीत हल म्हणतात आणि वरच्या झाकणाला हॅच. दोन्ही शब्द जहाजाचे. लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत काम सुरू झाले. विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन हे त्याचे दोन रचनाकार.

गुप्तता राखायची होती, पण एवढी मोठी लोखंडी पेटी कारखान्यात लपणार कशी? मेसोपोटेमियासाठी, म्हणजे आजच्या इराकसाठी, पाणी वाहून नेणारी वाहने बनत आहेत, असे कामगारांना सांगितले गेले. ही थाप पटण्यासारखी होती, कारण मेसोपोटेमियाच्या रखरखाटात खरोखर फौज लढत होती. ती प्रामुख्याने हिंदी फौज होती. त्याच हिवाळ्यात सहावी पुणे डिव्हिजन तिथल्या कुत या गावी वेढली गेली होती, तिच्यात मराठा पलटणीही होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने तिला शरण जावे लागले. लिंकनच्या कारखान्यात ज्यांच्या नावाने पाण्याचे गाडे बनत असल्याचे सांगितले जात होते, त्यांतले कित्येक शिपाई सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतले होते. त्यांच्यासाठी तसले गाडे कधी निघालेच नाहीत. हा तपशील मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचू शकले नाही.

समितीलाही खरे काम झाकणारे, आवरणाचे नाव हवे झाले. 'वॉटर कॅरियर' असे ठेवले तर आद्याक्षरे डब्ल्यू. सी., म्हणजे संडास, अशी होतात, ते सचिव अल्बर्ट स्टर्न यांना नको होते. डिसेंबर १९१५मध्ये अर्नेस्ट स्विंटन या अधिकाऱ्याने सहकाऱ्याबरोबर बसून पर्याय काढले. सिस्टर्न, रिझर्व्हॉयर अशी नावे पुढे आली. शेवटी टँक ठरले, कारण ते एकाक्षरी, तोंडात बसणारे आणि लक्षात राहणारे होते. स्विंटन यांचा जन्म १८६८ सालचा, बंगळूरचा, आणि बंगळूर तर टँकांचेच शहर. लहानपणीच ते इंग्लंडला गेले, त्यामुळे यावरून मी काही अनुमान काढत नाही. पण नोंद करून ठेवावी असा तपशील आहे.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या आघाडीवर फ्लेर-कूर्सलेतच्या लढाईत टँक प्रथम उतरले. ४९ पैकी ३२ सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले. प्रत्येकाचे वजन २८ टन, आत आठ माणसे, वेग माणसाच्या चालीएवढा. काही दिवसांत वर्तमानपत्रांनी ते नाव जगभर नेले आणि आवरण म्हणून घेतलेले नाव कायमचे झाले. जर्मनांनी आपल्या 'चिलखत' या शब्दावरून पांझर म्हटले, फ्रेंचांनी रथ या अर्थाचा 'शार', रशियनांनी टँकच घेतला. मराठीने रणगाडा केला. या सगळ्या नावांत मला रणगाडा सर्वांत आवडतो. ऐकताक्षणी वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते आणि उच्चारताना जिभेला कुठे अडखळत नाही. अहिल्यानगरला आरमर्ड कोअरचे, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलाचे, केंद्र आहे आणि तिथल्या संग्रहालयात जुने रणगाडे ओळीने मांडलेले आहेत. मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

बाकीचे अर्थ भराभर सांगते. टँक टॉप म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा. पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, तिथे घालायचा तो टँक सूट, त्याच्या वरच्या भागासारखा दिसतो म्हणून टँक टॉप. रणगाड्याशी त्याचा संबंध नाही. थिंक टँक हा शब्द आधी बोलीत डोक्यासाठी वापरत, विचार साठवायची टाकी म्हणून. धोरणांचा अभ्यास करणारी संस्था हा अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. दारुड्यांना रात्रभर डांबायची पोलिस कोठडी तो ड्रंक टँक. मुष्टियुद्धात पैसे घेऊन मुद्दाम हरणे म्हणजे टँकमध्ये जाणे, पाण्यात सूर मारल्यासारखे आडवे होणे. तिथून टँक हे क्रियापद झाले. आज बाजाराच्या बातम्यांत 'शेअर टँक झाला' म्हणजे कोसळला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो माझ्या रोजच्या कामाचा आहे. सरसकट टाकी लिहू नका. एका सरकारी अहवालाचे दुसऱ्या कोणी केलेले भाषांतर माझ्याकडे तपासायला आले होते. त्यात 'पर्कोलेशन टँक'चे 'झिरपणारी टाकी' केले होते. १९७२च्या दुष्काळात ज्या कामांवर अर्ध्या महाराष्ट्राने खडी फोडली आणि माती वाहिली, ते पाझर तलाव वाचणाऱ्याला गळक्या टाक्या वाटले असते. दुष्काळात ज्यांच्या आईवडिलांनी ते बांध घातले त्यांच्याच हातात तो अहवाल जाणार होता. मी ते पान पुन्हा लिहून दिले.

पाटबंधाऱ्यांच्या कागदात टँक म्हणजे जवळजवळ नेहमी तलाव. पर्कोलेशन टँक म्हणजे पाझर तलाव, स्टोरेज टँक म्हणजे साठवण तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या कागदांत मालगुजारी टँक आला तर तो माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचा मामा तलाव. गडांवरचे आणि लेण्यांतले ते टाके, नपुंसकलिंगी. गच्चीवरची सिमेंटची किंवा प्लास्टिकची ती टाकी, स्त्रीलिंगी. देवळापुढचे ते कुंड, पुष्करणी किंवा बारव, ज्या गावाचे जे नाव असेल ते. घरातला बांधीव तो हौद. जुन्या मुंबईच्या दस्तात टँक दिसला तर आधी नकाशा काढून बघा, कारण तिथे आज बहुधा चौक, मैदान किंवा इमारत असते आणि 'टाकी' लिहिल्याने मालमत्तेची सीमाच चुकते.

टँकर मात्र भाषांतर न करता टँकरच लिहा. त्याला मराठी शब्द शोधायला गेलो तर वाचणाऱ्यालाच कळणार नाही. माण-खटावपासून मराठवाड्यापर्यंत मार्च उजाडला की तो शब्द प्रत्येक घरात असतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, पहिल्या खेपेला दहा वाघिणी (मालगाडीचे डबे), प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. १९१५ साली लिंकनच्या कामगारांना जे सांगितले होते, तहानलेल्या मुलखाकडे निघालेली पाण्याची गाडी, ते लातूरच्या फलाटावर पहाटे खरेच येऊन उभे राहिले. त्या वाघिणींना रेल्वेच्या भाषेत नाव आहे टँक वॅगन.

एका शब्दाचे अनेकवचन सांगायचे राहिले, त्यावर नेहमी चूक होते. अनेकवचनात टाके आणि टाकी यांचा घोळ होतो. एक टाके, दोन टाकी. एक टाकी, दोन टाक्या. 'गडावर सात टाक्या आहेत' असे लिहिलेले दिसले की ओळखावे, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गच्ची आहे. गडावर सात टाकी असतात.